भेगा बुजवू नका ताई, आधी त्यांच्यावर तारीख टाका

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहतो. घर जांभ्याचं, कौलारू, सासऱ्यांनी बांधलेलं, मागे एक स्लॅबची खोली आम्ही नंतर काढली. समोरचा रस्ता रुंद करायचं काम एप्रिलपासून सुरू झालं, मे महिन्यात आठ-दहा दिवस ब्रेकर लावून काळा दगड फोडला आणि मग रोलर, तो पडवीपासून दहा फुटांवरून जायचा तेव्हा फडताळातली भांडी वाजायची. तेव्हापासून माजघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी भेग गेलीय, स्लॅबची खोली जुन्या घराला जिथे लागते तिथे फट पडलीय, कौलं सरकली, गडगा एका बाजूने ढासळला. रस्ता दीड-दोन फूट वर आला, गटार काढलंच नाही, आता पाऊस पडला की पाणी अंगणातून थेट पडवीत येतं. विहिरीचं पाणीपण गढूळ झालंय. कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर बघून गेला, म्हणाला घर जुनं आहे, जांभ्याला भेगा जातातच, तरी पंधरा हजार देतो, स्टॅम्प पेपरवर सही करा. मिस्टर मुंबईला असतात, ते म्हणतात घे आणि विषय संपव, गणपतीच्या आत भेगा बुजवून रंग काढून घेऊ. घर सासूबाईंच्या नावावर आहे. दिवाळीनंतर रस्त्याची दुसरी बाजू करणार आहेत म्हणे. सही करू का? सरकारकडून काही मिळतं का?

उत्तर : ताई, सही करू नका. आणि भेगा बुजवू नका, निदान अजून पंधरा-वीस दिवस तरी नको. बाकीचं सगळं सविस्तर सांगतो पण पत्रातलं "गणपतीच्या आत रंग" हे वाक्य वाचून मला आधी तेच सांगावंसं वाटलं, कारण आमच्या मामाच्या घरी हेच झालं होतं. त्यांच्याकडे पण रस्त्याचं काम, अशाच भेगा, मामाने अर्ज दिला आणि पाहणीला कोणी येईना, तोवर चतुर्थी आली. कोकणातलं घर, चाकरमानी येणार, भेगा तशाच ठेवून गणपती कसा आणायचा म्हणून मामीने गवंडी बोलावला, सिमेंट भरलं, वर चुना मारला, घर झकास दिसायला लागलं. दिवाळीनंतर इंजिनिअर आला, भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, कुठाय भेग? मामाकडे एक फोटो नव्हता. तिथेच विषय संपला. पुढच्या पावसात त्याच जागी भेगा परत उघडल्या पण तेव्हा त्या "पावसाने पडलेल्या" झाल्या होत्या.

म्हणून आधी जिवाचं बघू, मग पुराव्याचं, मग पैशाचं.

जिवाचं म्हणजे असं, की त्या तिरक्या भेगेत आणि सांध्याच्या फटीत रुपयाचं नाणं कडेने आत जातं का बघा. आपल्याकडे भारतीय मानकांच्या हिशेबात 1 मिलिमीटरपर्यंतची भेग बारीक, 1 ते 2 मध्यम आणि 2 च्या वर रुंद धरतात. नाणं सहज जात असेल, किंवा भिंतीला पोट आल्यासारखं वाटत असेल, दार अचानक अडकायला लागलं असेल, वाशाचं टोक भिंतीवरून सरकलेलं दिसत असेल तर त्या भिंतीला लागून कोणी झोपायचं नाही आणि सुताराला बोलावून आजच टेकू द्यायचे. कौलं सरकली असतील तर ती बसवून घ्या, ताडपत्री टाका, हे केल्याने तुमचा हक्क जात नाही, उलट नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही वेळेत काही केलंत हे दिसायलाच पाहिजे. फक्त करायच्या आधी फोटो आणि केल्यावर बिल, सुताराचं असेल तर साध्या कागदावर त्याची सही आणि तारीख.

आता भेगांवर तारीख टाकायची म्हणजे काय ते सांगतो. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक भेग आज जिथे संपते तिथे आडवी रेघ मारून बाजूला आजची तारीख लिहा. महिन्याने भेग रेघेच्या पुढे गेलेली दिसली तर ती वाढतेय हे कोणालाही सांगावं लागत नाही. दुसरं, काचेची पट्टी. फोटोफ्रेमची जुनी काच असते ना, तिच्या बोटभर रुंद पट्ट्या काचवाल्याकडून कापून घ्यायच्या, भेगेच्या दोन्ही बाजूंचा चुना खरवडून भिंत मोकळी करायची आणि पट्टी भेगेवर आडवी ठेवून फक्त दोन टोकं एम-सीलने चिकटवायची, मधला भाग मोकळा. भिंत जराही हलली की काच तडकते. दुसऱ्या बाजूचं काम सुरू झालं, रोलर आला आणि सकाळी उठून पाहिलं तर काच तडकलेली, हे त्या साइट इंजिनिअरच्या "जांभ्याला भेगा जातातच" ला सरळ उत्तर आहे. काच लावल्याची तारीख तिच्या शेजारी लिहा आणि फोटो काढा.

फोटो काढताना एक लांबून, ज्यात कुठली खोली कुठली भिंत ते कळेल, आणि एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. मुळातला फोटो फोनमध्येच राहू द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो बारीक होतो आणि कधी काढला ती माहितीपण बऱ्याचदा निघून जाते. पुढे कोर्टात गेलात तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली फोटो-व्हिडिओसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा तो फोन तुमच्याकडे असणं बरं. आणि मिस्टरांना, दिरांना, भाच्यांना सगळ्यांना विचारा जुने फोटो, लग्नाचे, बारशाचे, मागच्या वर्षीच्या गणपतीचे. माजघराची ती खिडकी मखराच्या मागे कुठेतरी दिसतच असणार आणि तिच्या कोपऱ्यात तेव्हा भेग नव्हती हे दाखवणारा एक फोटो दहा साक्षीदारांपेक्षा जास्त कामाचा आहे, खरंच सांगतो, तो आधी शोधा.

"घर जुनं आहे" या वाक्याने दबून जाऊ नका. घर जुनं आहे हे मान्यच करायचं, लपवायचं नाही, पण ते मार्चपर्यंत उभं होतं, त्यात तुम्ही राहत होतात. दुसऱ्याचं घर नाजूक होतं म्हणून त्याला धक्का देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, फार तर जुनेपणाचा घसारा रकमेतून कापतील, आणि तो कापतातच, त्याची तयारी ठेवा. कंपन मोजायचं एक माप असतं, जमिनीचा कण सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलतो ते. खाणीतल्या सुरुंगांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 मध्ये मर्यादा घालून दिल्या, त्यात आजूबाजूच्या राहत्या घरांसाठी कमी वारंवारितेच्या, म्हणजे सावकाश हलणाऱ्या कंपनाला ती सेकंदाला 5 मिलिमीटर आहे. ती सुरुंगासाठीची आहे, रोलरसाठी नाही, पण अंदाज यायला धरून चालू. आता अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मार्गदर्शिकेत व्हायब्रेटरी रोलरचा आकडा 25 फुटांवर सेकंदाला 0.21 इंच, म्हणजे साधारण 5 मिलिमीटर दिलाय, आणि त्यांच्याच सूत्राने 10 फुटांवर तो जवळजवळ चौपट होतो. तुमची पडवी 10 फुटांवर. जमीन कुठली, मशीन केवढं यावर फरक पडतो पण फडताळातली भांडी उगाच वाजत नव्हती एवढं नक्की. हे तुम्ही अर्जात लिहू नका, हे तुमच्या इंजिनिअरने लिहायचं.

हो, इंजिनिअर लागेल. रजिस्टर्ड व्हॅल्युअर (मालमत्तेची किंमत ठरवणारा) किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर (बांधकामाची मजबुती तपासणारा), शहरात मिळेल, फी पडेल पण ती वाचवू नका. त्याच्याकडून दोन गोष्टी घ्यायच्या, एक नुकसान कशामुळे झालं त्याचा अहवाल आणि दुसरं दुरुस्तीचं अंदाजपत्रक, ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे करायला सांगा. खात्याचेच दर वापरले की खात्याचा माणूस दरावर भांडू शकत नाही. भिंतीची दुरुस्ती, सांध्याची फट, कौलं-रिपा, गडगा, विहीर उपसणं, सगळं वेगवेगळं लिहायला सांगा. आणि ताई, फुगवू नका. सरळ दीड लाखाचं नुकसान असेल तर दीड लाखच लिहा, नवीन घराचे पैसे मागितले की खऱ्या भेगांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. स्लॅबच्या खोलीच्या सांध्याचं तर इंजिनिअर कदाचित तुम्हालाच सांगेल की नवं-जुनं बांधकाम एकमेकाला जोडताना तिथे थोडी फट येतेच, मे महिन्यात ती किती वाढली तेवढीच मागता येईल. ऐकून घ्या, रागावू नका.

आता मागायचं कोणाकडे. कंत्राटदाराकडे नाही, किंवा फक्त कंत्राटदाराकडे नाही. रस्ता ज्या खात्याचा त्या खात्याकडे, लेखी. साइटवर बोर्ड असतो, कामाचं नाव, खातं, कंत्राटदार, रक्कम, मुदत, त्याचा फोटो आजच काढा, बोर्ड बऱ्याचदा अर्ध्यात गायब होतात. राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर साधारण सार्वजनिक बांधकाम विभाग, गावातला ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग असेल तर प्राधिकरण किंवा बांधकाम विभागाची महामार्गाची वेगळी शाखा. अर्ज कार्यकारी अभियंत्याच्या नावाने, प्रत उपअभियंता, तहसीलदार आणि ग्रामपंचायतीला. हाताने द्या, तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, कारकून म्हणेल ठेवून जा, ठेवून यायचं नाही.

अर्जात गोष्ट लांबवू नका. कधीपासून कधीपर्यंत ब्रेकर चालला, रोलर कधी, घर किती अंतरावर, काय काय नुकसान, आणि मागण्या. पहिली मागणी संयुक्त पाहणीची, म्हणजे खात्याचा अभियंता, कंत्राटदाराचा माणूस, तलाठी, ग्रामसेवक आणि तुम्ही सगळ्यांसमोर पंचनामा. दुसरी, पाण्यासाठी ताबडतोब गटार. तिसरी, नुकसानभरपाई. आणि चौथी मागणी लोक विसरतात, ती म्हणजे भरपाई मिळेपर्यंत कंत्राटदाराच्या पुढच्या बिलातून किंवा अनामत रकमेतून तेवढे पैसे अडकवून ठेवावेत. सरकारी कामाच्या करारात कामामुळे तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर ते कंत्राटदाराने भरून द्यायचं अशी अट साधारणपणे असतेच आणि त्यासाठी विमाही काढायला लावतात. अभियंता म्हणेल कंत्राटदाराकडे जा, कंत्राटदार म्हणेल खात्याने सांगितलं तसं केलं. ही टोलवाटोलवी मोडायची तर ती अट तुमच्या हातात पाहिजे. म्हणून त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जपण टाका, दहा रुपयांत होतो, 30 दिवसांत उत्तर द्यायला लागतं. त्यात तीन कागद मागा, करारातली नुकसानीच्या जबाबदारीची अट, विमा पॉलिसीची प्रत, आणि मे महिन्यात तुमच्या घरासमोर कुठल्या तारखांना कुठली यंत्रं चालली त्याची नोंद. विम्याबद्दल एक सांगून ठेवतो, या पॉलिसींमध्ये कंपनामुळे झालेलं नुकसान बऱ्याचदा वेगळं कलम घेतल्याशिवाय धरत नाहीत, मग कंत्राटदार म्हणेल इन्शुरन्सने नाकारलं. त्याने कुठली पॉलिसी घेतली हा त्याचा आणि विमा कंपनीचा प्रश्न, तुमची मागणी त्याने कमी होत नाही.

पाहणीला कोणी येईना तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो, तिथे न्या. वाडीतल्या आणखी दोन-चार घरांना भेगा असतील (असणारच, रोलर काय फक्त तुमच्या दारात थांबला नसेल) तर अर्ज प्रत्येकाचा वेगळा पण तारीख एकच ठेवा, एकत्र जा, ग्रामसभेत ठराव घ्या.

तुम्ही विचारलंत सरकारकडून काही मिळतं का, तर यात दोन वेगळे पैसे आहेत ते एकमेकांत मिसळू नका. रुंदीकरणात तुमच्या जागेचा तुकडा गेला असेल तर त्याचा मोबदला हा भूसंपादनाचा, आणि तिथे 2013 च्या कायद्याच्या कलम 28 मध्ये आणि महामार्गासाठी 1956 च्या कायद्याच्या कलम 3-जी मध्ये असं आहे की उरलेल्या मालमत्तेवर संपादनामुळे वाईट परिणाम होत असेल तर तोही मोबदला ठरवताना बघायचा. तुकडा गेला असेल आणि निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, अजून व्हायचा असेल तर हे लेखी मांडा. तुकडा गेलाच नसेल तर मग हे साधं नुकसान, दुसऱ्याच्या कामामुळे झालेलं, ते अर्जाने, तडजोडीने किंवा शेवटी दिवाणी दाव्याने. अजून एक, पडवी रस्त्याच्या हद्दीत आहे असं पुढे कोणीतरी म्हणणार, म्हणतातच, तेव्हा मोजणीचा नकाशा काढून ठेवा. पडवीचं पाऊल पुढे असलं तरी माजघराची भिंत त्यांनी फोडावी असा त्याचा अर्थ होत नाही.

कोर्टाची वेळ येऊ नये, पण मुदती माहीत असू द्या कारण इथे लोक फसतात. सरकारवर दावा करायच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस आणि दोन महिने थांबणं. आणि दाव्याची मुदत सगळे तीन वर्षं समजून चालतात, पण कायद्याखाली केलेल्या कामातून झालेल्या नुकसानीला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 72 प्रमाणे एकच वर्ष, असा मुद्दा समोरचा वकील काढू शकतो. तुमच्या भेगा मे महिन्यातल्या, म्हणजे येता मे हाच शेवट समजा, आणि जानेवारीत तरी नोटीस गेलेली असू दे. दावा लागलाच तर कोर्ट कमिशनर नेमून जागेवर पाहणी करायला लावता येते. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका, घर सासूबाईंच्या नावावर आहे ना, मग विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, सासूबाईंना घेऊन एकदा जाऊन या.

त्या पंधरा हजारांचं. कंत्राटदाराकडून पैसे घेणं चुकीचं नाही, मी तर म्हणेन तडजोडीने मिळाले तर सगळ्यात बरं, कोर्टात वर्षं जातात. पण रक्कम तुमच्या अंदाजपत्रकावर ठरू दे, त्याच्या खिशावर नाही. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही कधीच नाही. कागदावर "यापुढे कुठलीही तक्रार नाही" असं वाक्य असणार, तीच खरी त्याची खरेदी आहे, पंधरा हजारात त्याला तुमची दुसऱ्या बाजूच्या कामाची तक्रारसुद्धा आत्ताच विकत पाहिजे. लिहायचंच असेल तर अमुक तारखेपर्यंतच्या, सोबतच्या यादीतल्या नुकसानीपोटी एवढी रक्कम, पुढच्या कामाने होणारं नुकसान यात नाही, पैसे बँकेत. सही सासूबाईंचीच. ग्रामपंचायतीतला नमुना 8 चा उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, एकदा बघून घ्या, सासऱ्यांचं नाव अजून असेल तर आधी वारसांची नावं लागायला पाहिजेत, नाहीतर उद्या दीर-नणंदा विचारतील कोणी सही केली.

दुसरी बाजू दिवाळीनंतर आहे ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट आहे, वेळ मिळाला. त्याच अर्जात किंवा वेगळ्या अर्जात मागा की काम सुरू व्हायच्या आधी घराची नोंद करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, घरासमोरच्या पट्ट्यात रोलरचं व्हायब्रेशन बंद ठेवून नुसत्या वजनाने दाबावं, आणि ब्रेकर चालताना कंपन मोजायचं यंत्र लावावं. व्हायब्रेशन बंद करायला त्यांना एक बटण दाबावं लागतं, फक्त फेऱ्या जास्त माराव्या लागतात म्हणून नको असतं. आणि काम चालू असेल त्या दिवशी ओटीवर पाण्याने भरलेली परात ठेवा, रोलर येताना मोबाइल लावून व्हिडिओ घ्या, एकाच फ्रेममध्ये परातीतलं पाणी आणि मागे रोलर दिसला पाहिजे.

गणपतीचं म्हणाल तर मिस्टरांना सांगा, या वर्षी भेगा असलेल्या भिंतीसमोरच बसू दे बाप्पा, मखर मोठं करा. संयुक्त पाहणी त्याआधी झाली आणि पंचनाम्याची प्रत हातात आली तर खुशाल बुजवा, रंग काढा, पण बुजवताना जांभ्याच्या भिंतीत नुसतं कडक सिमेंट कोंबू नका, ते भिंतीला धरत नाही आणि कडेने परत सुटतं, गवंड्याला चुन्याचा मसाला येत असेल तर तो. काचेच्या पट्ट्या मात्र दोन-तीन तशाच ठेवा, दुसरी बाजू होईपर्यंत.

विहिरीबद्दल शेवटी लिहितोय पण करायचं आधी आहे. पाणी गढूळ आहे म्हणजे रस्त्यावरचं धुवून येतंय किंवा विहिरीचं बांधकाम कुठेतरी सुटलंय, दोन्हीत ते पिण्यासारखं नाही. घरात सासूबाई आहेत, मुलं असतील. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाण्याची तपासणी करून घ्या, नमुना त्यांच्याच बाटलीत द्यायचा असतो, घरची बाटली नेऊ नका. अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी शेजारच्या विहिरीचं, तेही उकळून. अहवालाची प्रत अर्जाला जोडा.